परकीय भांडवल व देशी कसब : मुंबईच्या मुद्रणकलेचा दाखला

हस्तलिखितें जमविणाऱ्यांना एक जुनी खोड असते, आणि आम्हीही तिच्यापासून मुक्त नव्हतों. एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून पोथ्यांचें गाठोडें हातीं आलें म्हणजे हातानें लिहिलेली पोथी तेवढी वेगळी काढावयाची, आणि शिळाछापाच्या अथवा खिळ्यांनीं छापलेल्या पोथ्या ‘छापील’ म्हणून बाजूस सारावयाच्या, अशी आमची रीत होती. कित्येक वर्षांपूर्वीं एका जिल्ह्याच्या गांवीं एक जुना छापखाना बंद झाल्याचें आमच्या कानांवर आलें. तेथें हातानें कोरलेले पोलादी ठसे व तांब्याच्या मातृका आहेत असें समजल्यावरून आम्ही गेलों. तों सारें सामान दोन दिवसांपूर्वींच मोडीच्या भावानें वजनावर विकलें गेलें होतें. मालकास दोष देण्यांत अर्थ नव्हता. शिशास व तांब्यास भाव होता, अक्षरांस नव्हता. तेथील एका वृद्ध कामगारानें आठवण म्हणून स्वतःजवळ ठेविलेली एक मातृका आम्हांस दिली. तिच्यावर ‘ळ’ हें अक्षर आहे. तेव्हांपासून ‘छापील’ म्हणून बाजूस टाकलेलीं गाठोडीं आम्ही पुन्हा सोडून पाहूं लागलों, आणि त्यांतून एका निराळ्याच प्रश्नाकडे वळलों.

तो प्रश्न असा. परक्या देशांतील पैसा नुकत्याच वर येऊं पाहणाऱ्या प्रांतांत येतो, तेव्हां तेथील लोकांची शोधकबुद्धि वाढते कीं खुंटते? १९९१ सालीं आपल्या देशानें परकीय भांडवलास दारें मोकळीं केलीं, तेव्हांपासून हा वाद सतत चालू आहे, आणि तो बहुधा किती रुपये आले या आंकड्यांवर चालतो. आमच्या मतें रकमेपेक्षां दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. त्या पैशानें आणलेलें कसब येथील माणसाच्या हातांत उतरलें कीं नाहीं, ही एक. आणि उतरल्यावर तो माणूस तें घेऊन धन्याच्या दारांतून बाहेर पडूं शकला कीं नाहीं, ही दुसरी. याचा पुरावा आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं, नको म्हणून ठेवलेल्या कपाटांत, पडलेला आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. ‘भांडवल’ या शब्दाचें संस्कृत ‘भाण्ड’ शब्दाशीं नातें उघड आहे, आणि भाण्ड म्हणजे भांडें तसाच व्यापाऱ्याचा मालही. कौटिल्यानें पण्याध्यक्षाच्या प्रकरणांत परदेशांत उत्पन्न झालेला माल अनुग्रहपूर्वक आणवावा, तो आणणारे नाविक व सार्थवाह यांस करांत सवलत द्यावी, असें सांगितलें आहे. परंतु तेथें येतो तो तयार माल. माल करण्याची शाळा येत नाहीं. अलीकडच्या परकीय भांडवलाचें वैशिष्ट्य हें कीं त्याबरोबर कारखाना, कारागीर व कामाची रीत हीं येथें येऊन बसतात. म्हणून त्याचा परिणामही मालाच्या आयातीहून वेगळा तपासावा लागतो.

अर्थशास्त्र्यांनीं हा तपास बारकाईनें केला आहे, व त्यांचे निष्कर्ष एकमेकांशीं जुळत नाहींत हेंच त्यांतील शिकण्यासारखें आहे. ब्रायन एटकिन व ॲन हॅरिसन यांनीं १९९९ सालीं व्हेनेझुएलांतील कारखान्यांविषयीं आपला निबंध प्रसिद्ध केला. ज्या लहान कारखान्यांत परक्यांचा भाग होता त्यांची उत्पादकता वाढली. पण त्याच धंद्यांतील निव्वळ देशी कारखाने मागें पडले, कारण त्यांचें गिऱ्हाईक नव्या पाहुण्यानें ओढून नेलें. उलट २००४ सालीं बिआटा यावोर्चिक या विदुषींनीं लिथुआनिया देशाविषयीं असें दाखविलें कीं, परकीय कारखान्यांस माल पुरविणाऱ्या देशी कारखान्यांस लाभ होतो. मात्र तो लाभ जेथें देशी व परदेशी असे दोन्ही भागीदार होते तेथें आढळला. संपूर्ण परकीय मालकीच्या कारखान्यांच्या बाबतींत आढळला नाहीं. याशिवाय वेस्ली कोहेन व डॅनियल लेव्हिंथल यांनीं १९९० सालीं मांडलेली एक कल्पना आहे. तिला आपण ‘ग्रहणशक्ति’ म्हणूं. नवी विद्या घेण्यास त्याच जातीची थोडी विद्या अंगीं आधींच असावी लागते, असा तिचा आशय. तीस-पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहिलेल्या माणसास हें निबंध लिहून सांगावें लागत नाहीं; तरी तें सिद्ध करून ठेवलें हें बरें झालें.

आतां आपल्या घरच्या पुराव्याकडे येऊं.

पैसा देशी, परंतु विद्या नाहीं, अशी पहिली अवस्था सुरतेस दिसते. भीमजी पारेख या सधन दलालानें १६७० सालीं ईस्ट इंडिया कंपनीकडे एक कुशल मुद्रक पाठविण्याची विनंति केली. (महाराजांनीं सुरत दुसऱ्यांदा लुटली तें हेंच साल.) आपल्या लोकांचे जुने ग्रंथ छापावे अशी त्याची इच्छा होती, व खर्च सोसण्याची तयारी होती. कंपनीनें हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक सालीना पन्नास पौंड वेतनावर पाठविला. तो १६७४ सालीं सुरतेस आला. पण हिल्स यास छापतां येई, अक्षर कोरतां येत नसे. देशी लिपीचे ठसे त्याच्यानें होईनात. भीमजीनें स्वतःच्या माणसांकडून बनिया लिपीचे ठसे करवून पाहिले, आणि ते बरे वठल्याचें सुरतेच्या इंग्रजांनीं विलायतेस कळविलेंही. तथापि धंदा उभा राहिला नाहीं, आणि त्या छपाईचा एकही नमुना आज उपलब्ध नाहीं. येथें पैसा होता, हौस होती, परका कारागीरही आला होता. परंतु जी विद्या हवी होती ती त्याच्याजवळ नव्हती, आणि जी त्याच्याजवळ होती तिनें भागत नव्हतें.

मिरजेची ताम्रपटावरील गीता बहुतेकांस ठाऊकच आहे. चार्लस् मॅलेट याच्या पुण्यांतील वास्तव्यांत जेम्स वेल्स या चित्रकाराच्या देखरेखीखालीं देशी कारागिरांस चित्रकलेचें शिक्षण मिळालें; त्यांतूनच गंगाराम तांबट नांवारूपास आला. तांब्यावर अक्षरें कोरून गीता छापावी हा नाना फडणिसांचा विचार त्यांच्या निधनामुळें राहिला, व पुढें मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं सिद्धीस गेला. तांबटाच्या हातीं धातूवर कोरण्याची कला पिढीजाद होती, म्हणून परक्याची युक्ति त्याला चटकन साधली. पण संपूर्ण पान कोरावयाचें तर प्रत्येक ग्रंथास नवीन तांबें व नवीन श्रम लागणार. एका संस्थानिकाच्या औदार्यावर तो प्रयोग झाला आणि तेथेंच संपला.

खरा पालट मुंबईंत झाला, आणि तो बोस्टनच्या पैशानें झाला. बोस्टन येथील अमेरिकन बोर्ड नांवाच्या धर्मसंस्थेचे पाद्री १८१३ सालीं मुंबईस पोचले. १८१६ सालीं मुद्रणाचें काम जाणणारे होरेशिओ बार्डवेल आले, व १८१७ पासून मिशनच्या छापखान्यांत मराठी छपाई सुरू झाली. हा पैसा नफ्यासाठीं नव्हता, तेव्हां त्यास भांडवल म्हणावें कीं नाहीं अशी शंका कोणी काढील. आम्ही म्हणूं, अवश्य म्हणावें. यंत्र, जागा, मजुरी व कच्चा माल यांत परक्यांनीं दूरदेशीं रक्कम गुंतविली, आणि तिच्यापासून फळाची अपेक्षा केली. फळ रुपयांचें नसून शिष्यांचें होतें, इतकाच फरक.

आरंभींचे नागरी खिळे कलकत्त्याहून आणविले होते. बंगालकडे पंचानन कर्मकार या लोहार जातीच्या कारागिरानें चार्लस् विल्किन्स व पुढें केरी यांच्या हाताखालीं देशी लिप्यांचे ठसे कोरण्याची परंपरा घातली होती. केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें, तें त्याच परंपरेच्या बळावर. परंतु उत्तरेकडील नागरी व आपलें दक्षिणी बालबोध यांच्या वळणांत अ, झ, ण, ल, श इत्यादि अक्षरांत केवढा भेद आहे, हें पोथ्या हाताळणाऱ्यांस सांगावयास नको. मराठी डोळ्यास रुचेल असें अक्षर बाहेरून विकत मिळण्यासारखें नव्हतें. तें येथेंच घडवावें लागणार होतें, आणि मिशनच्या छापखान्यांतील थॉमस ग्रॅहम या तरुणानें तें मनावर घेतलें. ठसे कोरण्याचें काम शिकून त्यानें मराठी व गुजराती अक्षरें तयार केलीं, आणि मिशनच्या छपाईचें रूप पालटलें.

अक्षर कसें घडतें हें येथें सांगणें अवश्य आहे, कारण विषयाचें मर्म त्यांतच आहे. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटें कोरून ती कांडी पाणी देऊन कठीण करतात, हा ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला कीं अक्षराची खोल मुद्रा उमटते, ही मातृका. ती सांच्यांत बसवून शिसें, कथील व अँटिमनी यांचा रस ओतला कीं खिळा तयार होतो. एका मातृकेपासून हजारों खिळे निघतात, पण मूळचा ठसा कोरणारा हात एकच. (मातृका म्हणजे वर्णमाला, दक्षिणेकडे मूळ हस्तलिखितासही मातृका म्हणतात, आणि छापखान्यांतील ही तिसरी. आपल्या व्यवसायांतील तिन्ही गोष्टींस एकच नांव असावें याचा आम्हांस नेहमीं आनंद वाटतो.) इंग्रजीस लहानमोठीं मिळून बावन्न अक्षरें व थोडीं चिन्हें पुरतात. बालबोधास डोक्यावरची मात्रा, रफार व अनुस्वार, पायाखालचा उकार, पुढची-मागची वेलांटी, आणि जोडाक्षरांचा तर अंतच नाहीं. एका मापाच्या टाइपासाठीं शेंकडों ठसे लागतात, आणि ते सुटे तुकडे एकमेकांवर व एकमेकांशेजारीं असे बसले पाहिजेत कीं शिरोरेघ तुटूं नये. बोस्टनच्या मुद्रकास हा प्रश्न कधीं पडलाच नव्हता. तेव्हां त्याचें उत्तर तेथून येणें शक्यच नव्हतें. परकीय यंत्र येथें आलें, आणि येथल्या गरजेपाशीं येऊन अडलें. त्या अडण्यांतूनच देशी कल्पकतेस काम मिळालें.

गणपत कृष्णाजी हे याच मिशनच्या छापखान्यांत कामास होते. तेथील छपाई पाहून आपणही असें यंत्र करावें हें त्यांनीं मनांत घेतलें. लोखंडी यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनीं लाकडाचें शिळायंत्र स्वतः बनविलें, दगडाच्या लहान तुकड्यावर प्रयोग केले, शाईही स्वतःच तयार केली, आणि १८३१ सालीं शके १७५३ चें पंचांग शिळेवर छापून काढलें. पुढें त्यांनीं अक्षरांचे ठसेही केले व खिळे ओतून छपाईचा मोठा व्यवसाय उभारला. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत त्यांच्या या खटपटीची हकीकत आली आहे.

पंचांगच कां? जोशी दरवर्षीं हातानें नकला करून घरोघर देत. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलें, माल दरसाल शिळा होणारा, पानें थोडीं. परक्या भांडवलास हें गिऱ्हाईक दिसलें नव्हतें, व दिसतें तरी त्याच्या उद्देशांत बसणारें नव्हतें. शिवाय छापलेल्या कागदास शिवणें सोंवळ्यांतील मंडळींस वर्ज्य वाटे, कारण शाईंत चरबी असते असा समज होता. यावर तूप घालून शाई करण्याचा तोडगा गणपत कृष्णाजी यांनीं काढला, असें सांगतात. यंत्रविद्येच्या इतिहासांत तुपाच्या शाईस कोणी मान देणार नाहीं. आमच्या दृष्टीनें मात्र परकें कसब येथील जमिनींत रुजल्याची खूण हीच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या विषयास लागून आहे. शिळाछापास खिळे लागत नाहींत, सुंदर अक्षराचा लेखक लागतो. त्यानें चिकट शाईनें लिहिलेलें पान शिळेवर उतरतें. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या उतरणाऱ्या माणसास हा नवा धंदा परका नव्हता; त्याच्या बोटांतच त्याची पूर्वतयारी होती. वर सांगितलेली ग्रहणशक्ति ती हीच. म्हणूनच आरंभींच्या शिळाछापाच्या पोथ्या हुबेहूब हस्तलिखितासारख्या दिसतात : तींच आडवीं सुटीं पानें, तोच समास, तेंच वळण. एका विक्रेत्यानें तसली पोथी हस्तलिखित म्हणून आमच्या गळ्यांत बांधली होती, हें कबूल करावयास आतां संकोच वाटत नाहीं. ओळखण्याची खूण सोपी आहे. बोरूनें लिहिलेल्या ओळींत टांक बुडविल्यावर पहिलें अक्षर काळेंभोर असतें व पुढें शाई फिकट होत जाते; शिळाछापांत सर्वत्र एकच रंग असतो. आणि दोन प्रति मिळाल्या तर लेखकाच्या हाताची चूक दोहोंत एकाच जागीं सांपडते.

दुसरे जावजी दादाजी. यांचा जन्म १८३९ सालचा, घरची स्थिति अत्यंत गरिबीची. लहानपणींच ते मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर लागले. पगार महिना दोन रुपये होता असें सांगतात. ग्रॅहमच्या कारखान्यांतील काम त्यांनीं तेथें पाहिलें, मग दुसऱ्या छापखान्यांत उमेदवारी केली, आणि १८६४ सालीं स्वतःची टाइप ओतण्याची शाळा काढली. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यांत निष्णात होते. निर्णयसागरच्या अक्षरांचें सौंदर्य मुख्यतः त्यांच्या हाताचें. १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना निघाला. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब यांनीं संपादिलेली काव्यमाला तेथून निघूं लागली, आणि अनेक काव्यें-नाटकें, जीं तोंवर केवळ हस्तलिखितांत होतीं, तीं देशोदेशींच्या पंडितांच्या हातीं गेलीं. आम्हीं शाकुन्तल प्रथम वाचलें तें राघवभट्टाच्या टीकेसह निर्णयसागरच्या आवृत्तींत. ती प्रत जुन्या बाजारांतली होती, मुखपृष्ठ गेलें होतें. परंतु टीकेचीं बारीक अक्षरेंही अशीं कीं एकाही अनुस्वाराविषयीं शंका येऊं नये.

मिशनच्या गुंतवणुकीचें हें फळ पाहून कोणासही हंसूं येईल. बोस्टनच्या श्रद्धाळू वर्गणीदारांनीं बायबल छापण्यासाठीं पैसा दिला. त्या पैशावर शिकलेल्या हातांनीं पंचांगें, पोथ्या आणि कालिदास छापला. भांडवल घालणाऱ्याचा हेतु व त्यापासून शिकणाऱ्याचा उपयोग हे दोन वेगळे प्रवाह आहेत. पाद्र्यांनीं मात्र एक गोष्ट केली, जी व्यापारी कंपनी सहसा करीत नाहीं : कसब गुप्त ठेविलें नाहीं. खिळे घासणाऱ्या पोरास ठसा कोरतांना पाहतां येत होतें, आणि तो बाहेर पडून दुकान थाटूं लागला तर त्यास अडविणारा कोणी नव्हता.

याच्या उलट उदाहरण त्याच शहरांतून निघालेल्या आगगाडीचें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा १८४९ चा करार असा होता कीं, गुंतविलेल्या रकमेवर पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें द्यावी. नफा कमी पडल्यास भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरींतून व्हावी. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें हा एकवीस मैलांचा प्रवास झाला. मिशनच्या पैशाशीं तुलनाच नको इतकें हें भांडवल प्रचंड होतें. पण व्याज ठरलेलें असल्यामुळें खर्च कमी करण्याची, म्हणजेच कांहीं नवीन शोधण्याची, निकड भागीदारांस नव्हती. खरेदीचा निर्णय लंडनांत होई, आणि एंजिनें ब्रिटनमधून येत. येथील कारखान्यांत फिटर, लोहार, ओतारी तयार झाले हें खरें. अजमेरच्या कारखान्यानें १८९५ सालीं पुरतें एंजिन बांधून दाखविलें. तेव्हां हात नव्हते असें म्हणतां येत नाहीं. तरीही १८६५ ते १९४१ या काळांत या देशांत बांधलेलीं एंजिनें सुमारें ७०० भरतात, आणि ब्रिटनमधून आलेलीं सुमारें १२,०००. कसब आलें, पण तें कारखान्याच्या भिंतींबाहेर पडलें नाहीं. आणि पडतें तरी त्याच्या मालास गिऱ्हाईक एकच, तें परक्याच्या मुठींत.

ही तुलना पुरती न्याय्य नाहीं हें आम्ही जाणतों. लाकडी शिळायंत्र एका माणसास घरीं करतां येतें. वाफेचें एंजिन येत नाहीं. शिवाय दोष केवळ पैशाच्या परकेपणाचा आहे असेंही नाहीं. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं योजिलेली मुंबईची पहिली कापडगिरणी देशी पैशाची होती. तिचीं यंत्रें मात्र लँकेशायरचीं. पैसा घरचा असला म्हणजे बुद्धिही घरचीच कामास लागते, ही समजूत या उदाहरणापुढें टिकत नाहीं.

स्वातंत्र्योत्तर काळांतील एकच दाखला देतों, कारण तो आमच्या पुण्याचा आहे व वरील दोन्ही कथा त्यांत एकत्र येतात. टेल्को ही कंपनी १९४५ सालीं आगगाडीचीं एंजिनें बांधण्यासाठींच स्थापन झाली. १९५४ सालीं तिनें जर्मनीच्या डाइमलर-बेन्झ कंपनीशीं मालमोटारींचा करार केला. तो १९६९ सालीं संपला. करार मुदतीचा, आणि मुदत संपल्यावर आपल्या पायांवर उभें राहावयाचें, ही जाणीव आरंभापासून असली पाहिजे. कारण पुण्यांत संशोधन-विभाग १९६६ सालींच, म्हणजे तीन वर्षें आधीं, निघाला होता. १९९८ सालीं त्याच कंपनीनें इंडिका ही स्वतःची मोटार बाजारांत आणली. लिथुआनियांत भागीदारीच्या कारखान्यांविषयीं जें दिसलें, त्याच्याशीं हें जुळतें.

लाभाच्या वहींत तोट्याचें पानही असतें, आणि तें आपल्या मंडळींस विशेष जाणवेल. श्रीरामपुरास केरीनें मोडीचेही ठसे करविले होते. त्याचा १८१० चा मराठी कोश मोडींत छापला आहे. मुंबईच्या कारागिरांनीं आपलें सारें कौशल्य बालबोधावर खर्च केलें. सुटीं, ताठ उभीं अक्षरें कोरणें सोपें. धांवत्या लिपीचे सांधे शिशांत धरणें कठीण. कारणें याहून अधिक असतील, परंतु परिणाम असा कीं दप्तरें मोडींत व पुस्तकें बालबोधांत अशी फारकत झाली. आणि आज लक्षावधि मोडी कागद दप्तरखान्यांत असून ते वाचणारे मोजके उरले आहेत. एका लिपीस नवें जीवन देणाऱ्या कसबानें शेजारच्या लिपीस असें वाऱ्यावर सोडलें. परकीय भांडवलाच्या हिशेबांत अर्थशास्त्री असल्या हानीची नोंद करीत नाहींत. करावी कशी हें आम्हांसही सांगतां येत नाहीं.

हा सर्व इतिहास अजून अपुरा आहे, कारण त्याचीं साधनें कोणी सांभाळलीं नाहींत. कोणत्या छापखान्यांतून कोण केव्हां बाहेर पडला, त्यानें अक्षरें कोणाकडून घेतलीं, शाई कशी केली, हें सांगणारी जागा म्हणजे पोथीचें शेवटचें पान. छापखान्याचें नांव, गल्ली, शक व लेखकाचें नांव पुष्कळदां तेथेंच असतें. तें पान वाळवीनें प्रथम खाल्लेलें असतें, अथवा पोथी बांधतांना फाडलेलें असतें. एकाच पोथीच्या दोन प्रति असल्यास दुसरी देऊन टाकूं नये. अक्षरांची तुलना दोन प्रति शेजारीं ठेवल्याशिवाय होत नाहीं. बंद पडलेल्या छापखान्यांत ठसे, मातृका, खिळ्यांच्या पेट्या अथवा खिळे विकत घेतल्याच्या पावत्या दिसल्यास त्या दिवशींच मालकास भेटावें. आम्हीं दोन दिवस उशीर केला तो पुरे. ज्यांच्या संग्रहीं शके १७५३ ते शके १७९० पर्यंतचीं मुंबईचीं शिळाछाप पंचांगें किंवा पोथ्या असतील, त्यांनीं शेवटच्या पानाची नक्कल, कागदाची लांबी-रुंदी व ओळींची संख्या यांसह मंडळाच्या कार्यालयाकडे पाठवावी.